चावीवाल्या काकूंची यादी

"थांबा, बसलाय," असं म्हणून चावीवाल्या काकूंनी किती जणांना बोलता बोलता गप्प केलं असेल, त्याची गणती नाही. समोरचा माणूस नळाला पाणी आलं नाही म्हणून तावातावाने भांडतोय आणि काकूंची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे. मग हळूच हात वर. आपण मान वळवून बघावं तर तारेवर किंवा एखाद्या वाळक्या काडीवर चतुर पंख पसरून बसलेला. तो उडेपर्यंत भांडण तहकूब. एकदा त्यांनी गटविकास अधिकाऱ्यांनाही असंच थांबवलं. साहेब पाणीपुरवठ्याची पाहणी करायला आले होते, सोबत दोन गाड्या आणि सात-आठ माणसं. साहेबांचा प्रश्न अर्धवट राहिला, कारण त्यांच्या तोंडासमोर काकूंचा पंजा आला होता. एका किड्यापायी सगळा सरकारी लवाजमा टाकीखाली मिनिटभर चिडीचूप उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. चतुर उडाला तेव्हा काकू म्हणाल्या, "हां, बोला आता."

काकू आमच्या ग्रामपंचायतीच्या वॉलमन होत्या. गाव तलवाड्याच्या अलीकडे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं अजून मला रोज भेटतात. वॉलमन म्हणजे विहिरीवरची मोटार चालू करायची, टाकी भरायची आणि गल्लीगल्लीत जमिनीत पुरलेले वॉल उघडून पाळीप्रमाणे पाणी सोडायचं. त्यासाठी लोखंडी चावी असते, इंग्रजी टी अक्षरासारखी, काकूंच्या खांद्याला लागेल एवढी. आधी हे काम त्यांच्या नवऱ्याकडे होतं. ते गेले आणि चौदावा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काकू चावी घेऊन वेशीतल्या वॉलवर हजर. चार लोकांनी नाकं मुरडली. बाईमाणसाला वॉल फिरत नाही, म्हणाले. काकू म्हणाल्या, "वॉलला कुठं कळतंय कोण फिरवायलंय." आणि फिरवला. मी तेव्हा नुकताच ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून लागलो होतो. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी शेवटपर्यंत 'आपरेटर'.

चतुरांचा नाद त्यांना एका तक्रारीतून लागला. टाकीखाली एक सिमेंटचा हौद आहे, नळ बंद असले की लोक तिथून वापरायचं पाणी नेतात. एका उन्हाळ्यात त्या पाण्यातून कुणाच्या तरी बादलीत एक काळपट, सहा पायांचा, भेसूर दिसणारा किडा आला. कुणाच्या तरी म्हणजे नेमका सरपंचांच्या घरच्या. झालं! बाई हौद धुत नाही, पगार फुकट खाते, बाईला काढा. काकूंनी तो किडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला, बरणी आणून माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्याचं काय होतंय ते कळूस्तर मला कुणी बोलायचं न्हाई."

मग रोज सकाळी त्या गटारातून डासांच्या अळ्या आणून बरणीत टाकायच्या आणि किडा त्यांचा फडशा पाडायचा. लोक दाखला काढायला यायचे आणि बरणीशी घुटमळायचे. एका सकाळी मी कुलूप उघडून आत गेलो तर बरणीत लावलेल्या काडीवर किड्याचं नुसतं टरफल होतं, आणि वरच्या बाजूला एक चतुर ओले पंख वाळवत बसला होता. रंग अगदी सिमेंटचा, वर काळे-पांढरे शिंतोडे. थोड्या वेळाने तो उडाला आणि भिंतीवर असा बसला की ग्रामसेवकांसकट आम्हाला चौघांना सापडेना. काकूंनी पाहिल्याबरोबर बोट दाखवलं. "ह्यो भिंतीवाला. हौदात जन्मतो, डास खातो. सरपंचाच्या घरी सांगा, बादलीत घाण नव्हती, राखणदार आलता." ही बातमी मी सांगायची गरज पडली नाही, गावभर ती आपोआप झाली.

तेव्हापासून काकूंचे डोळे त्या जातीवर लागले. मोटार पाझर तलावाच्या काठच्या विहिरीवर आहे. लाइटची पाळी असेल तेव्हाच ती चालते, म्हणून दिवसाकाठी चार-चार तास तिथे बसून राहावं लागायचं. काकू तलावाकडे तोंड करून बसायच्या आणि बघायच्या. कोण कुठे बसतो, पंख पसरून बसतो की मिटून, कोण काडीच्या टोकाला आणि कोण भुईवर, कुणाला उन्हात शेपूट वर करायची सवय. पंख पसरून बसणारे ते चतुर आणि पंख मिटून बसणारी बारीक, सुईएवढी ती टाचणी, हा पहिला भेद त्यांनी कुणी न सांगता केला होता. नावं त्या स्वयंपाकघरातून आणि गावातून उचलायच्या. लालभडक तो मिरची. पिवळट, अंगाने तशीच भरलेली ती हळदी. गटारीपाशी घोटाळणारा, पंखांत केशरी झाक असलेला तो गटारी. पिवळ्या पंखांवर तपकिरी नक्षी घेऊन तरंगत उडणारा तो छापाचं लुगडं. आणि एक हिरवा, काळ्या पट्ट्यांचा, जो दुसऱ्या चतुरांनाच धरून खातो, त्याचं नाव फौजदार. हे नाव ऐकून हसला नाही असा माणूस आमच्या गावात नाही.

ही सगळी नावं मोटारीच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहिलेली होती. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोठं आणि तिरकं. नावापुढे महिने लिहिलेले, तेही मराठी: आखाड, श्रावण, भादवा. मी मोबाइलवर फोटो शोधून पुस्तकातली नावं सांगायला गेलो तर म्हणाल्या, "ती दुसऱ्या रकान्यात लिव. आधी मपलं." मपलं म्हणजे माझं.

खरी लढाई पुढे झाली. नियमाप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधतेची नोंदवही करावी लागते. गावात झाडं कोणती, पक्षी कोणते, मासे, किडे कोणते, हे गावाने स्वतः बघून लिहायचं. त्यासाठी सात जणांची समिती, त्यात बायका हव्यात. नाव भरायला कोणी बाई मिळेना म्हणून सरपंचांनी काकूंचं नाव टाकलं. वॉलमन म्हणजे हाताखालचं माणूस, दाखवाल तिथे सही करेल, असा हिशेब. नोंदवही करायचं काम एका एजन्सीला दिलं. गावात कोणी फिरकलंही नाही आणि महिन्याभरात वही बांधून हजर. मी चाळली आणि हसावं की रडावं कळेना. आमच्या शिवारात कोकमाची झाडं. पाझर तलावात पापलेट. समुद्रकिनाऱ्याच्या कुठल्यातरी गावाची वही उचलून वरचं नाव तेवढं बदललेलं होतं. मला हे दिसलं होतं आणि मी गप्प होतो, हे आधीच सांगून टाकतो.

सह्यांच्या दिवशी सहा सह्या पाच मिनिटांत झाल्या. काकू चावी भिंतीला टेकवून बसल्या आणि म्हणाल्या, "आपरेटर, किड्याचं पान वाच."

मी वाचलं. "फुलपाखरे, आढळतात. मधमाश्या, आढळतात. चतुर व टाचण्या, निरंक."

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही."

"काईच न्हाई? कोन बघाय आलतं?"

सरपंच मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "काकू, सही करा न् मोकळ्या व्हा. उद्या पंचायत समितीला द्यायचंय."

"बघितलं न्हाई तर 'बघितलं न्हाई' असं लिवा. 'न्हाई' कावून लिवता?"

"अहो, किड्यामुंग्यांनी गाव चालत न्हाई."

"नका चालू देऊ. खोट्यावर मपली सही न्हाई चालायची."

सरपंचांनी मोबाइल खाली ठेवला. "चावी कुणाच्या सहीनं मिळाली, ध्यानात हाय ना?"

"हाय. नवऱ्याच्या मरणानं मिळाली. तुमची सही त्याच्या मागून झाली."

ग्रामसेवक जुना, सावध माणूस. त्याने तोडगा काढला: काकूंनी आपली यादी द्यावी, पुढच्या ग्रामसभेत दोन्ही ठेवू, सभा ठरवेल. सरपंच उठता उठता म्हणाले, "ठेवा. पण त्या दिवशी गावासमोर मपली फजिती झाली तर चावी टेबलावर." काकू म्हणाल्या, "आणते."

मग पंधरा दिवस मी दुपारचा लॅपटॉप घेऊन मोटारीच्या खोलीत. काकू दारावरचं वाचायच्या, मी रकाने भरायचो. नाव, पुस्तकी नाव, कुठे दिसतो, कधी दिसतो. एका रकान्यावर आमचं वाजलं. पावसाळ्यात हजारोंनी येणारे, न बसता शेता-रस्त्यांवरून घिरट्या घालत राहणारे पिवळे चतुर असतात ना, त्यांना काकू 'टोळीवाले' म्हणायच्या. मी मोबाइलवर वाचलं की हे लांब लांब जातात, समुद्र ओलांडतात, आणि रकान्यात 'बाहेरचे' असं टाकलं. काकूंचा पारा चढला. "बाहेरचे कशानं? दसऱ्याच्या सुमाराला जातेत, पाऊस लागला की येतेत. आपल्या टोळ्या सा महिने कारखान्यावर असतेत, तवा त्यांचं नाव मतदार यादीतून काढतो का तू?" आमचं अर्धं गाव ऊस तोडायला जातं, माझे आईबापही जायचे, हे काकूंना ठाऊक होतं. मी 'बाहेरचे' खोडून 'गावचे' लिहिलं. आजही मला ते बरोबरच वाटतं.

यादी सोळा नावांची झाली. मी रंगीत प्रिंट काढून ठेवल्या, आणि सभेच्या आदल्या दिवशी काकू दारात उभ्या. चेहरा उतरलेला. खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत.

"आपरेटर, चुकलं."

काय चुकलं, ते कळायला मला थोडा वेळ लागला. आठ दिवसांपूर्वी तलावाच्या काठावर त्यांना मिरची आणि हळदी एकमेकांना धरून उडताना दिसले होते. मग मिरची वर पहारा देत राहिला आणि हळदी पाण्याला शेपूट टेकवत अंडी टाकत गेली. एकच जात, नवरा लाल आणि बायको पिवळी. काकूंनी दोघांना दोन जातींत लिहिलं होतं. ते दिसल्यापासून आठ दिवस त्या बाकीच्यांच्या मागे होत्या आणि आणखी दोन जोड्या अशाच निघाल्या. "सोळाचे तेराच हायत. एवढी वर्सं बघितलं अन् नवरा-बायकू वळखाय आली न्हाई मला."

मी म्हणालो, "काकू, गप्प राहा. प्रिंट निघाल्यात. गावात कुणाला काय कळतंय? उद्या सरपंच टपून बसलेत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या खुर्चीची लाज वाटली. "एजन्सीनं लिवलं ते खोटं, अन् मी लिवलं ते चालतंय? आण ती कागदं." आणि माझ्याच पेनने प्रत्येक प्रतीवर तीन ओळी खोडल्या, ओळ पुरी झाकेपर्यंत. मग खाली बोट ठेवून म्हणाल्या, "हितं एक ओळ मोकळी सोड. एक मोठा हाय, काळा-पिवळा, शेपटीला कुऱ्हाडीच्या पात्यावानी. एकदाच दिसलाय. दुसऱ्यांदा दिसल्याबिगर लिवायचा न्हाई आता." मी विचारलं, तोवर तिथे निरंक टाकू का? त्यावर त्या जे बोलल्या ते छापण्यासारखं नाही.

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर झाली. काकू उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य हे बोलल्या: "मपल्या यादीत तीन चुका होत्या. मीच खोडल्या." सरपंचांना तेवढंच पाहिजे होतं. ते हसत लोकांकडे वळले. "ऐका! आता बाईच म्हणायल्यात चूक हाय. मंग तयार वही काय वाईट? ठराव घ्या."

"मी बघितलं म्हून मला चुकता आलं," काकू म्हणाल्या. "तुमच्या वहीत कुणी बघितलंच न्हाई. आपरेटर, झाडांचं पान वाच."

मी वाचायला लागलो. कोकमापर्यंत आलो तेव्हा मागून एक म्हातारा ओरडला, "कोकम कुणाच्या वावरात हाय बे?" मी पुढे मासे वाचले. पापलेटवर जो हशा उठला, तो थांबेचना. कुणी म्हणे जाळं आणा, कुणी म्हणे सरपंचांनी आम्हाला न देता एकट्याने खाल्ले. राजकारणातल्या माणसाला शिव्या सोसतात, हसू सोसत नाही. सरपंचांनी वही मिटली आणि म्हणाले, "बाईची यादी लावा. बाकीचंबी गावानंच लिवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या टाळ्यांतच ते काकूंना म्हणाले, "यादी तुमची झाली. फजिती मपली झाली. पण चावी पंचायतीची हाय."

काकूंनी पाराला टेकवलेली चावी उचलली, दोन्ही हातांनी टेबलावर आडवी ठेवली आणि पदर सारखा करून निघून गेल्या. ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या होत्या त्यांपैकी एकहीजण उठला नाही. मीही उठलो नाही. माझी खुर्ची त्याच टेबलामागे होती. सरपंचांचा राग एक वेळ मी विसरेन, पण तिथे मी बसून राहिलो ते विसरता येत नाही.

चावी सरपंचांच्या भावकीत गेली. महिन्याभरात कुठल्याशा योजनेचा फलक रंगवायला माणसं आली आणि त्यांनी मोटारीच्या खोलीचं दार आतून-बाहेरून निळ्या ऑइलपेंटने रंगवून टाकलं. सगळा खडू गेला. मला वाटलं काकू कोसळतील. त्या दारावर हात फिरवून म्हणाल्या, "रंग चांगला मारलाय. दारच रंगवलंय न्हवं, तळं हाय की तसंच." त्या नंतरही सकाळी तलावावर जात होत्या, खोलीबाहेरच्या दगडावर बसत होत्या. पुढच्या वर्षी लेकीने त्यांना माजलगावला नेलं. एसटीत बसताना मला म्हणाल्या, "ओळ मोकळी हाय, ध्यानात ठेव."

तिकडून त्यांचे फोन यायचे. हालहवाल कमी, चतुर जास्त. धरणाच्या कडेला किती तऱ्हा आहेत, ते सांगताना त्यांचा आवाज तरणा व्हायचा. एकदा भर दुपारी फोन आला. "आपरेटर, दिसला! कुऱ्हाडवाला! वाळक्या काडीच्या शेंड्यावर, घंटाभर बसलाय." मी खूश होऊन म्हणालो, मग भरतो आजच ओळ. तर म्हणाल्या, "आरं, ह्यो माजलगावचा. आपल्या तळ्याचा आपल्या तळ्यावरच दिसाय पायजे. तू बघ अन् मग लिव." तो त्यांचा शेवटचा फोन. पोळ्याच्या आधी त्या गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं. मी कार्यालयाला कुलूप लावलं आणि तलावावर जाऊन त्यांच्या दगडावर बसून रडलो.

परवा नव्या ग्रामसेवकांनी नोंदवही काढली. तपासणी आहे. पानं उलटता उलटता ते किड्यांच्या पानावर आले. तेरा ओळी भरलेल्या आणि चौदावी कोरी. "ही ओळ अशी कशी ठेवली? तपासणीत अडकेल," म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. "निरंक लिहून टाकू." सरपंच समोर बसले होते, अजून तेच आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझा हात वर झाला, थेट ग्रामसेवकांच्या तोंडासमोर.

"थांबा," मी म्हणालो. "आधी तळ्यावर जाऊ."

ते थांबले. सरपंच म्हणाले, "आपरेटर, जास्ती व्हायलंय." मी म्हणालो, "व्हऊ द्या," आणि वही काखेत मारली. त्या दिवशी तलावावर ग्रामसेवक आणि मी तासभर बसलो. मिरची दिसला, हळदी दिसली, फौजदार दिसला. कुऱ्हाडवाला दिसला नाही. ओळ मी कोरीच ठेवली आहे.